संग्राह्य पत्त्यांची प्रतवारी

संग्राह्य पत्त्यांची प्रतवारी : खेळाडूंची, चित्रपटांतील वा चित्रकथांतील पात्रांची अथवा पत्त्यांच्या विशिष्ट खेळांतील काल्पनिक प्राण्यांची चित्रे छापलेले आणि मुख्यतः संग्रहासाठी विकले जाणारे पत्ते (ट्रेडिंग कार्ड) तपासून त्यांचा अस्सलपणा ठरविणे, त्यांची भौतिक अवस्था ठरावीक मोजपट्टीवर अंकाने दर्शविणे आणि नंतर तो पत्ता पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचा बंद करून परत देणे, असे या व्यवसायाचे स्वरूप आहे. पत्ता तपासणारी संस्था तत्त्वतः त्या पत्त्याची खरेदीदारही नसते व विक्रेतीही नसते. ती विकते तो केवळ आपला निर्णय. सोन्याच्या दागिन्यावरील हॉलमार्कच्या छापाशी या पद्धतीचे साम्य आहे. मात्र सोन्याचा कस रासायनिक परीक्षेने मोजता येतो. पत्त्याची प्रत मात्र बव्हंशी तपासनिसाच्या डोळ्यावर अवलंबून असते. या व्यवसायाचे सामर्थ्य व त्याचे दौर्बल्य ही दोन्ही याच फरकातून उद्‌भवलेली आहेत.

अशा पत्त्यांचा उगम अमेरिकेतील तंबाखूच्या व्यापारात आहे. सिगारेटच्या नाजूक पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. त्यावर चित्र छापले, तर गिऱ्हाईक तोच छाप पुन्हा घेईल, हे १८८० च्या दशकात ॲलन अँड गिंटर, गुडविन यांसारख्या उत्पादकांनी ताडले. ब्रिटनमध्येही हीच प्रथा पडली आणि तेथील क्रिकेटपटूंच्या पत्त्यांवर रणजितसिंहजींची छबीही झळकली. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९–११ या काळात बेसबॉलपटूंची पाचशेहून अधिक चित्रे असलेली मालिका काढली. पिट्सबर्गच्या संघातील होनस वॅग्नर (१८७४–१९५५) या खेळाडूचा पत्ता तीत थोडक्याच काळात छपाईतून काढून घेण्यात आला. तंबाखूच्या प्रचारास त्याचा विरोध होता, असे एक मत आहे; त्याला मोबदला हवा होता, असे दुसरे. कारण काहीही असो, त्या पत्त्याच्या जेमतेम पन्नास-साठ प्रती आज ज्ञात आहेत. तंबाखूची जागा पुढे च्युइंगमने घेतली : गौडी (१९३३), बोमन (१९४८) व टॉप्स (१९५१ पासून) या कंपन्यांचे पत्ते मुलांच्या हाती गेले. मुलांनी ते रबराच्या कड्यात गुंडाळले, भिंतीवर आपटून जिंकण्या-हरण्याचे खेळ खेळले, सायकलच्या आऱ्यांत खोवून फटफट आवाज काढला. आजच्या प्रतवारीच्या दृष्टीने या सर्व क्रीडा विध्वंसकच होत. पण पत्ते त्यांसाठीच होते.

प्रारंभीच्या जाणत्या संग्राहकांनाही अवस्थेचे फारसे महत्त्व वाटत नसे. जेफर्सन बर्डिक (१९००–६३) या न्यूयॉर्क राज्यातील संग्राहकाने अमेरिकन पत्त्यांची पहिली व्यवस्थित सूची तयार केली. वर उल्लेखिलेल्या मालिकेला ‘टी २०६’ हे नाव त्याच्याच सूचीमुळे मिळाले. त्याने तीस हजारांहून अधिक बेसबॉलपत्त्यांसह आपला सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि देण्यापूर्वी पत्ते वह्यांतून डिंकाने चिकटविले. मालिका पूर्ण असणे हे त्याचे ध्येय होते. पाठीमागे डिंक लागलेल्या पत्त्याची किंमत काय राहील, हा प्रश्न त्या पिढीला पडण्याचे कारण नव्हते.

ही वृत्ती १९७० नंतर पालटली. मुलांचे पत्ते आता कमावत्या प्रौढांच्या छंदाचा विषय झाले व त्यांचे मेळावे भरू लागले. जेम्स बेकेट या संख्याशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये भावांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि १९८४ पासून तो त्याच विषयाचे मासिक काढू लागला. अवस्थेनुसार एकाच पत्त्याचे निरनिराळे भाव अशा सूच्यांत छापलेले असत. त्यामुळे ‘मिंट’ (टाकसाळीतून नुकत्याच निघालेल्या नाण्यासारखा), ‘निअर मिंट’, ‘एक्सलंट’ इ. शब्दांना पैशाचे मोल आले. पण या शब्दांचा अर्थ ठरविणारा होता विक्रेता. विकताना जो पत्ता मिंट, तोच विकत घेताना ‘बरा’ ठरे. झिजलेले कोपरे लपविण्यासाठी कडा कातरणे, पांढऱ्या पडलेल्या काठाला रंग लावणे, दुमडीवर दाब देऊन ती सपाट करणे आणि सरळसरळ नकली पत्ते छापणे हे उद्योगही भावांबरोबर वाढले.

विक्रेत्याला मालाचे दोष ठाऊक आणि ग्राहकाला नाहीत, अशा बाजारात काय घडते याचे विवेचन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मधील एका निबंधात जुन्या मोटारींच्या उदाहरणाने केले होते. फसण्याच्या भीतीने ग्राहक सर्वच मालाला मध्यम भाव देऊ लागतो. तो भाव परवडत नसल्याने उत्तम मालाचे धनी बाजारातून निघून जातात व वाईट माल तेवढा उरतो. जुन्या पत्त्यांच्या बाजाराला हे वर्णन तंतोतंत लागू पडत होते. तिऱ्हाइताचा शब्द हा अशा कोंडीतून निघण्याचा एक मार्ग असतो.

तो मार्ग आधी नाण्यांच्या व्यापारात सापडला. विल्यम शेल्डन यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात अमेरिकेतील जुन्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी सुचविली होती. ती आधाराला घेऊन डेव्हिड हॉल व इतर काही नाणेव्यापाऱ्यांनी कॅलिफोर्नियात एक संस्था काढली आणि १९८६ पासून ती नाण्यांची प्रतवारी करून ती प्लॅस्टिकच्या बंद डब्यांत घालून देऊ लागली. डबी हा या योजनेचा गाभा होता, कारण प्रमाणपत्राचा कागद एका नाण्याचा व नाणे दुसरेच, ही अदलाबदल तिने थांबविली. (मुंबईत होणाऱ्या नाण्यांच्या लिलावांतही अमेरिकी संस्थांच्या डब्यांत बंद केलेले ब्रिटिशकालीन रुपये आढळतात.) हॉल यांच्याच पुढाकाराने १९९१ मध्ये पत्त्यांसाठी ‘प्रोफेशनल स्पोर्ट्‌स ऑथेंटिकेटर’ (पीएसए) ही संस्था सुरू झाली. तिची मोजपट्टी १ ते १० अशी होती. व्यापाऱ्यांनी आरंभी तिचे स्वागत केले नाही, आणि ते स्वाभाविकच होते : ज्या निर्णयावर त्यांचा नफा उभा होता, तोच त्यांच्या हातून जाणार होता.

या संस्थेने प्रमाणित केलेला पहिला पत्ता होता वॅग्नरचा, आणि त्याची हकिकत हा या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने १९८५ मध्ये हा पत्ता २५,००० डॉलरना विकत घेतला व १९८७ मध्ये १,१०,००० डॉलरना विकला. १९९१ मध्ये सदबीच्या लिलावात आइस हॉकीपटू वेन ग्रेट्‌झ्की व त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी तो ४,५१,००० डॉलरना घेतला. ऐंशी वर्षांच्या पत्त्याचे कोपरे इतके धारदार कसे, अशी कुजबुज तेव्हाही होती. तथापि पीएसएने त्याला आठवी प्रत बहाल केली. त्या मालिकेतील वॅग्नरच्या अन्य कोणत्याही प्रतीला हा मान मिळालेला नव्हता. पत्त्याला नव्या संस्थेचे बळ मिळाले व नव्या संस्थेला पत्त्याची कीर्ती. पुढे तो २००० मध्ये सु. १२ लाख ६५ हजार डॉलरना, तर २००७ मध्ये आधी २३ लाख ५० हजार व नंतर २८ लाख डॉलरना विकला गेला. शेवटचा खरेदीदार ॲरिझोना डायमंडबॅक्स या बेसबॉल संघाचा मालक केन केंड्रिक होय. ऑक्टोबर २०१३ मध्ये मास्ट्रोने आपल्या लिलावगृहातील खोट्या बोलींच्या खटल्यात गुन्हा कबूल केला आणि त्याच कबुलीत वॅग्नरच्या पत्त्याच्या कडा आपण कातरल्या होत्या, हेही मान्य केले. २०१५ मध्ये त्याला वीस महिन्यांची कैद झाली. कातरलेल्या पत्त्याला अंक द्यावयाचा नाही, हा प्रतवारीचा मूलभूत नियम आहे. म्हणजे पहिल्याच प्रमाणपत्रावरील अंक नियमात बसणारा नव्हता आणि हे उघड होण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला.

तपासणीची रीत पुढीलप्रमाणे असते. संग्राहक पत्ता टपालाने पाठवितो व त्याचे अंदाजी मूल्य नमूद करतो. तपासनीस पत्त्याची लांबी-रुंदी मोजतो, भिंगाखाली कडांचा काप पाहतो व छपाईचे ठिपके ताडतो. कारखान्यातील पात्याने कापलेली कड आणि मागाहून कातरलेली कड यांतील तंतूंची ठेवण सहसा वेगळी असते. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशाचाही उपयोग होतो : कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात प्रकाशवर्धक रसायने घालण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली, त्यामुळे १९१० सालचा म्हणून दाखविलेला पत्ता या प्रकाशात निळसर चमकला, तर त्याचे वय आपोआप कळते. अस्सलपणा ठरल्यावर चार गोष्टी पाहतात : कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राभोवतीच्या समासांचे प्रमाण. समास दोन्ही बाजूंस समान असणे आदर्श; दहाव्या प्रतीसाठी दर्शनी बाजूस साधारणतः ५५ : ४५ च्या जवळपासचे प्रमाण लागते, मागील बाजूस बरीच अधिक सूट असते. डबीवरील चिठ्ठीवर पत्त्याचे नाव, अंक व नोंदणी क्रमांक छापतात.

नंतर आलेल्या संस्थांनी मोजमाप अधिक बारीक केले. बेकेटच्या प्रकाशनसंस्थेने १९९९ मध्ये सुरू केलेल्या शाखेने चारही गोष्टींना वेगवेगळे अंक देऊन त्यांवरून अर्ध्या अंकाच्या पायऱ्यांनी एकूण प्रत काढण्याची पद्धत आणली. पीएसएने २००८ मध्ये अर्धे अंक स्वीकारले, पण नऊ आणि दहा यांच्या मधली जागा मोकळीच ठेवली.

प्रतवारीला खरी मागणी आली ती संगणकीय जाळ्यावरील लिलावांमुळे. ईबे हे संकेतस्थळ १९९५ मध्ये निघाले आणि पत्ता हातात न घेता, विक्रेत्याचे तोंडही न पाहता खरेदी करण्याचा प्रघात पडला. या व्यवहारांत प्रतवारीचा नेमका उपयोग कोणाला होतो, याचा अभ्यास अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी केलेला आहे. जिंजर जिन व अँड्र्यू केटो यांनी (२००६) अशा लिलावांतून प्रतवारी न झालेले पत्ते स्वतः विकत घेऊन तपासणीला पाठविले. आपला पत्ता नवव्या-दहाव्या प्रतीचा आहे, असा दावा करणाऱ्या विक्रेत्यांना अधिक भाव मिळत होता, परंतु त्यांचे पत्ते इतरांहून सरस नव्हते, असे दिसून आले. याच दोघांनी जॉन लिस्ट यांच्यासह केलेल्या दुसऱ्या अभ्यासात (२०१०) असे आढळले, की पहिल्या संस्थेच्या प्रतवारीतून अननुभवी ग्राहकांना नवी माहिती मिळते; मुरलेल्या व्यापाऱ्यांना मात्र तिच्यातून फारसे काही नवे कळत नाही. प्रतवारीच्या मूल्याविषयीचा हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. जाणत्याच्या नजरेचा काही अंश ती नवख्याला उसना देते. ज्याची नजर आधीच तयार आहे, त्याला ती लागते केवळ विक्रीसाठी.

मात्र हा उसना डोळा बाजारात आल्यावर बाजाराचे रूपही बदलले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पत्त्यांचे प्रचंड अतिउत्पादन झाले होते. अप्पर डेक कंपनीच्या १९८९ च्या संचातील पहिला पत्ता, बेसबॉलपटू केन ग्रिफी (धाकटा) याचा, कोणत्याही अर्थाने दुर्मिळ नाही. प्रतवारी संस्था कोणत्या पत्त्याला कोणता अंक किती वेळा दिला, याचे कोष्टक प्रसिद्ध करतात. त्यात या पत्त्याच्या दहाव्या प्रतीचे चार हजारांहून अधिक नमुने नोंदलेले आहेत. पत्ता मुबलक असला, तरी ‘दहा’ त्या मानाने थोडे. म्हणून दुर्मिळता पत्त्यातून निघून अंकात शिरली. फ्लीअर कंपनीच्या १९८६ च्या संचातील बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन याच्या पत्त्याच्या दहाव्या प्रतीला जानेवारी २०२१ मध्ये ७,३८,००० डॉलर आले. नवव्या प्रतीची किंमत याच्या एका लहान अंशाइतकीच होती. या दोहोंतील फरक उघड्या डोळ्यांनी, तोही डबीबाहेरून, बहुतेकांना सांगता येणार नाही. दीड वर्षात त्याच दहाव्या प्रतीचा भाव दोन लाख डॉलरच्या आसपास उतरला, तेव्हा अंक तोच होता आणि पत्ताही तोच. प्रतवारी अवस्थेची हमी देते, भावाची नव्हे; तेजीच्या काळात हा भेद विसरला जातो.

ती तेजी कोविड-१९ च्या साथीत आली होती. घरी अडकलेल्या लोकांनी जुन्या पेट्या उघडल्या आणि बेसबॉलइतकेच पोकेमॉनचे पत्तेही तपासणीला धाडले. जपानमध्ये १९९६ साली निघालेल्या या पत्त्यांशी वाढलेली मुले आता मिळवती झाली होती. मागणीचा लोंढा एवढा वाढला, की मार्च २०२१ च्या अखेरीस पीएसएला आपल्या बहुतेक सेवा तात्पुरत्या थांबवाव्या लागल्या. आधीच्या तीन महिन्यांत आले नव्हते इतके पत्ते तीन दिवसांत आल्याचे तिने जाहीर केले होते. ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ हा जपानी स्पर्धांत बक्षीस म्हणून दिलेला पत्ता याच वर्षी ५२,७५,००० डॉलरना विकला गेला. त्याच्या चाळीसएक प्रतींपैकी दहावा अंक मिळालेली ती एकमेव होती. टॉप्सच्या १९५२ च्या संचातील मिकी मँटलचा पत्ता १९९१ मध्ये ५०,००० डॉलरना घेतलेला होता. एसजीसी या संस्थेने त्याला साडेनऊ अंक दिल्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला १ कोटी २६ लाख डॉलर आले.

व्यवसायाचे दोषही याच काळात चव्हाट्यावर आले. काही संग्राहकांनी २०१९ मध्ये जुन्या लिलावांतील छायाचित्रे ताडून पाहिली, तेव्हा कमी प्रतीचे म्हणून विकले गेलेले अनेक पत्ते नंतर कातरून वा साफसूफ करून वरच्या अंकांच्या डब्यांत पोहोचल्याचे त्यांना आढळले. प्रकरण अमेरिकेच्या केंद्रीय तपाससंस्थेकडे गेले. २०२५ च्या आरंभी पोकेमॉनचे काही तथाकथित आद्य नमुने असेच उघडे पडले. त्यांना एका संस्थेने प्रमाणित केले होते; परंतु आधुनिक मुद्रणयंत्रे कागदावर जे अतिसूक्ष्म पिवळे ठिपके उमटवितात, त्यांवरून काहींची छपाई २०२४ मधील असल्याचे छंदिष्टांनी दाखवून दिले. दोन्ही प्रसंगी चूक पकडली ती संस्थेबाहेरील जागरूक डोळ्यांनी, हे लक्षणीय आहे.

याखेरीज दोन अडचणी रचनेतच आहेत. एक म्हणजे निर्णयाची अस्थिरता : तोच पत्ता डबी फोडून पुन्हा पाठविल्यास कधी नऊ, कधी दहा मिळतात, म्हणून काही जण मनासारखा अंक येईपर्यंत पाठवीतच राहतात आणि कोष्टकातील संख्या फुगतात. दुसरी म्हणजे पत्त्याच्या मूल्यानुसार वाढणारे शुल्क. वरचा अंक मिळाल्याने पत्त्याचे मूल्य वाढले, तर तपासणाऱ्याचे शुल्कही वाढते. तिऱ्हाइताच्या निःपक्षपातीपणाला ही व्यवस्था शोभत नाही. संगणकाद्वारे प्रतिमांचे विश्लेषण करून पहिल्या अडचणीवर मात करण्याचे प्रयत्न चालू आहेत. दुसरीवर तसा उपाय नाही. २०२४ मध्ये पीएसएच्या मूळ कंपनीने एसजीसी विकत घेतल्याने स्पर्धाही आक्रसली.

सामान्य संग्राहकाच्या दृष्टीने प्रतवारीचा लाभ मर्यादित, पण खरा आहे. महागडा जुना पत्ता अनोळखी व्यक्तीकडून घेताना किंवा तिला विकताना तिची गरज असते. वारसांना संग्रहाचे मोल कळावे म्हणूनही ती उपयोगी पडते. जेथे प्रतच एकुलती एक आहे, तेथे अंक जवळजवळ गौण ठरतो : मायकेल जॉर्डन व कोबी ब्रायंट या दोघांच्या गणवेशांवरील बोधचिन्हे व सह्या असलेला २००७-०८ चा एकमेव पत्ता ऑगस्ट २०२५ मध्ये १ कोटी २९ लाख डॉलरना विकला गेला, तो पीएसएच्या सहाव्या प्रतीचा होता. दुसऱ्या टोकाला, आजच्या संचांतील बहुसंख्य पत्ते तपासणीच्या शुल्काइतक्याही किमतीचे नसतात आणि ते पाठविण्यात खर्चच होतो. मालिका पूर्ण करण्याच्या ओढीने जमविणारे जुन्या वळणाचे संग्राहक अद्याप सुटेच पत्ते पसंत करतात. डबीत बंद केलेला पत्ता वहीत लावता येत नाही आणि त्याची मागील बाजू, जेथे खेळाडूची वर्षावर्षाची कामगिरी छापलेली असते, ती प्लॅस्टिकआडून वाचावी लागते.